ओल्या डब्यावरचा बोंबील

आमच्या संकुलाच्या गेटवर मोठा बोर्ड आहे. त्यावर हिरवं पान, पानावर पाण्याचा थेंब, आणि खाली इंग्रजीत काहीतरी. मुलाने वाचून सांगितलं की ही इमारत निसर्गाशी मैत्री करून बांधलीय. मी चौथी शिकलेला, मला इंग्रजी येत नाही. पण बोर्डाखाली रोज सकाळी पाण्याचा टँकर येऊन उभा राहतो, तो मला वाचता येतो.

जागा डोंबिवलीच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. इथं आमची भातशेती होती. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात नवव्या मजल्यावर फ्लॅट आला. जिथं मी गुडघाभर चिखलात उभा राहायचो, त्याच जागेच्या वर आता हवेत झोपतो. त्याचं मला फार दुःख वगैरे नाही. शेतीने कंबर मोडलेली, लिफ्ट बरी आहे. खिडक्या समोरासमोर आहेत, दिवसा दिवा लावावा लागत नाही, गच्चीवर उन्हावर वीज करणारे पत्रे बसवलेत. चांगलं ते चांगलं. फक्त ज्या दिवशी वारा एमआयडीसीकडून येतो त्या दिवशी चेअरमन ग्रुपवर लिहितात, कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात. मग सगळ्या खिडक्या समोरासमोर बंद असतात.

चेअरमन बँकेतून रिटायर झालेले, मूळचे ठाण्यात नौपाड्यातले. बोलणं शुद्ध, शर्ट कडक इस्त्रीचा. माझ्याहून थोडेसेच लहान असतील, पण मला काका म्हणतात. माणूस वाईट नाही. लोकांचं भलं करायची सवय लागलीय, ती सुटत नाही एवढंच.

त्यांनी ग्रीन कमिटी काढली. पहिली सभा क्लबहाऊसमध्ये झाली. एसी लावलेला आणि दार उघडं. पडद्यावर बर्फावरचं अस्वल दाखवलं. आमची ही माझ्या शेजारी बसलेली. मला विचारते, ह्या अस्वलाला आपल्याकडून काय पाहिजे? मी बोललो, गप बस, पुढं सांगतील. पुढं सांगितलं ते कचऱ्याचं. प्रत्येक बिल्डिंगखाली दोन डबे येणार. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका. ओला रोज जाणार, सुका आठवड्यातून एकदा. निघताना प्रत्येकाला एक कापडी पिशवी भेट दिली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

आम्ही आगरी माणसं. आमच्या घरात ओला आणि सुका हे शब्द कचऱ्याच्या कितीतरी आधी आलेले. ओला म्हणजे ताजा म्हावरा, ताजी मासळी, सुका म्हणजे वाळवलेला. पावसाळ्यात ओला मिळत नाही तेव्हा सुक्यावर भागवायचं. बोंबील, करंदी, जवळा. ते साफ करताना मुंडकी निघतात, शेपट्या निघतात. हिने सभा नीट ऐकलेली. सुक्या बोंबलाची मुंडकी तिने सुक्याच्या डब्यात टाकली. रोज, इमानाने.

आठवडा पुरा व्हायच्या आत तळमजल्यावरच्या लोकांना वाटलं एमआयडीसीचा वारा आलाय. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मांजरं मात्र हसत होती. मग कुणीतरी निळ्या डब्याचं झाकण उघडून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली विचारलं, हे कोणत्या सुशिक्षित कुटुंबाचं काम आहे? सुशिक्षित म्हटल्यावर आम्हाला वाटलं आपला काही संबंध नाही.

शेवटी चेअरमन आणि कमिटीतला एक जण वर आले. हिने दार उघडलं, हात ओले, पदर खोचलेला. चेअरमननी समजुतीने विषय काढला, की काकू, माशाचा कचरा सुक्यात टाकायचा नसतो.

"तुमीच बोललाव ना, सुका सुक्यान टाका?" ही म्हणाली. "बोंबील सुका हाय. ओला आसता तं ओल्यान टाकला आसता."

चेअरमननी सांगितलं, ओला म्हणजे ओला नव्हे. ओला म्हणजे जे कुजतं ते.

हिने थोडा विचार केला. "मानूस पन कुजतो. त्याला कंच्या डब्यान टाकायचा?"

मागे उभा असलेला कमिटीवाला लिफ्टकडे तोंड करून हसत राहिला. चेअरमननी चहा घेतला आणि गेले. संध्याकाळपर्यंत हे वाक्य सगळ्या बिल्डिंगीत फिरलं. खाली उतरली की बायका हिला थांबवून परत म्हणायला लावायच्या. ही दर वेळी परत म्हणायची, आणि दर वेळी थोडं वाढवून.

मार्ग काढला तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या बाईंनी. त्या शाळेत शिकवतात. घरात अंडंसुद्धा चालत नाही. त्यांनी सुचवलं, नुसता शब्द लिहून घोटाळा होतो तर डब्यावर चित्र काढू. निळ्या डब्यावर त्यांनी पुठ्ठा आणि बाटली काढली. हिरव्यावर केळ्याची साल काढली, चहाचा चोथा काढला आणि मासा काढायला घेतला. ही कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ह्यो मासा हाय? ह्यो तं वांग्याला डोला काडलाय."

बाई हसल्या. मी मासा कधी नीट पाहिलाच नाही मावशी, म्हणाल्या. तर ही वर गेली आणि सुका बोंबील घेऊन खाली आली. डब्यासमोर, चित्र काढणाऱ्या बाईंच्या तोंडापुढे तो दोन बोटांत धरून उभी राहिली. बाईंनी एका हाताने ओढणी नाकाला लावली, दुसऱ्या हातात ब्रश.

"नाक सोड, बाय. एका हातानं मासा येत नाय."

बाईंनी नाक सोडलं. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी बोंबील पुरा केला. लांबडा, वाकडा, आ वासलेला, बारीक दातांचा. हिने पास केला. तेव्हापासून कुणी चुकलं नाही. पाहुणे डबा बघून हसायचे आणि आमच्या इथले लोक त्यांना ती कुजण्याची गोष्ट सांगायचे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला ही गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, परत आणली नाही. त्यावर जास्त लिहीत नाही.

मुलीने साड्या वाटून टाकल्या. सून म्हणाली भांडी फार झालीत, ती पण गेली. भिंतीवर फोटो लावलाय, कुठल्यातरी लग्नातला. त्यात तोंड मिटून सरळ बघतेय, जशी काही दुसऱ्याची बायको. आमची तोंड मिटून बसल्याचं मला आठवत नाही. फोटोसमोर उभं राहून मला काही होत नाही. पण सकाळी कचरा घेऊन खाली गेलो, तो वाकडा बोंबील दिसला, की वाटतं आता ही मागून येऊन म्हणेल, पिशवी उलटी धरलाव. म्हणून कचरा टाकायचं काम मी सुनेकडून मागून घेतलं. सून खूश झाली. घरात हिरवा विचार आला म्हणाली.

अशात स्पर्धा आली. ठाणे जिल्ह्यातली आरोग्यपूर्ण, हरित संकुलं निवडणार होते. चेअरमन दोन वेळचं जेवण विसरले. हिरवळीवर चालू नये ही पाटी होतीच, शेजारी हिरवळ आपली आहे अशी दुसरी पाटी आली. पावसाचं पाणी मुरवायच्या खड्ड्याला कुंपण घातलं, वर छपरासारखी कमान केली. पाऊस आत कसा जाणार ते कुणी विचारलं नाही. आणि सभेत ठरलं, की जुने डबे काढून स्टीलचे नवे आणायचे, चार रंगांचे, इंग्रजी अक्षरांचे. एक जण म्हणाले, तो मासा सकाळी सकाळी बघवत नाही, शिवाय बाहेरून आलेल्यांसमोर आपली काय पातळी दिसते. जुने डबे भंगारात द्यायचे.

मी सभेत कधी बोललेलो नव्हतो. उभा राहिलो. "डबे काय ते आणा. तो मासा भंगारात देऊ नका. तो आमच्या हिचा आहे."

दोघातिघांनी माना हलवल्या. मला वाटलं झालं काम. मग चेअरमन मऊ आवाजात बोलले, की काका, भावना समजतात. आपण काकूंच्या नावाने बागेत एक बाक बसवू. पुनर्वापर केलेल्या प्लास्टिकचा.

"ती बाकावर बसायची नाही," मी बोललो. "खाली बसायची. ती जागा तुम्ही गवताला दिलीय."

यावर मतदान झालं. माझ्या बाजूने माझा हात आणि चित्रकलेच्या बाईंचा. ठरलं असं, की तपासणी होईपर्यंत जुने डबे मीटर रूमच्या मागे लपवायचे, कचरा त्यांतच टाकायचा, आणि तपासणी झाली की भंगारवाला बोलवायचा.

तपासणीला ठाण्याहून एक मॅडम आल्या. पायात पळायचे बूट, डोक्याला रुमाल. चेअरमननी कमान दाखवली, पत्रे दाखवले, दोन्ही पाट्या दाखवल्या. मी चित्रकलेच्या बाईंच्या शेजारी मागे मागे चालत होतो. नव्या डब्यांपाशी आल्यावर मॅडमनी एकेक झाकण उघडलं. चारही डबे आतून आरशासारखे. एकाला कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं. त्यांनी विचारलं, कचरा कुठंय?

एवढ्या तयारीत कचरा कुणी विचारेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. चेअरमन म्हणाले, आमचं शून्य कचरा संकुल आहे. मॅडम म्हणाल्या, एवढी माणसं राहतात, जेवत नाहीत का? तेवढ्यात मीटर रूमच्या मागून एक मांजर बाहेर आलं, तोंडात कुणाच्या तरी पापलेटाचं डोकं धरून. मॅडम मांजर आलं त्या वाटेने आत गेल्या. आम्ही सगळे मागे.

तिथं बोंबील त्यांच्याकडे बघत होता.

हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. कमिटी जमिनीकडे बघायला लागली. मग बाईंनी सगळं सांगितलं. सुका म्हणून सुक्यात टाकल्याचं, वांग्याचं, नाक सोड म्हटल्याचं. मी एवढंच बोललो, की बोंबील आमच्या हिने धरलेला. मॅडम भिंतीला टेकून हसल्या. मग विचारलं, आणि त्यानंतर लोक चुकायचे थांबले? थांबले, बाई म्हणाल्या. मॅडमनी डब्याचा फोटो काढला. जाताना चेअरमनना सांगितलं, लोकसहभाग म्हणतात तो हाच.

मला हायसं वाटलं. भंगारवाल्याचं नाव कुणी काढेना, जुने डबे परत जागेवर आले.

पहिलं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं. आम्हाला लोकसहभागाचं. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. डोंबिवलीहून एसी बस करून गेलो, पुढे झेंडा लावून. चेअरमनना त्यांच्या जुन्या भागात सत्कार मिळाला, ओळखीचे चार जण पुढच्या रांगेत. भाषण छान झालं. म्हणाले, तळागाळातल्या रहिवाशांपर्यंत पोचण्यासाठी आम्ही सखोल अभ्यास करून मत्स्य-चिन्हाची कल्पना राबवली. एका निरक्षर भगिनीचा गोंधळ आम्हाला प्रेरणा देऊन गेला. मी नवव्या मजल्यावर राहतो, चेअरमन दुसऱ्या. तळागाळ कुठला ते मी बस परत येईपर्यंत मोजत होतो. आणि गोंधळ तिचा कधीच नव्हता. सुका म्हणजे सुका. गोंधळ ज्यांनी शब्द वापरला त्यांचा.

पण मासा वाचला ना, म्हणून मी गप्प बसलो. मला शाल दिली, आणि एक रोप दिलं, चकचकीत कागदात गुंडाळून.

दोन-तीन दिवसांनी सकाळी कचरा घेऊन खाली गेलो तर हिरव्या डब्यावर एक नवीनच मासा. नारिंगी रंगाचा, गुबगुबीत, पापण्यांचे केस लांब, हसणारा. तोंडातून बुडबुडे निघतायत. छापील स्टिकर. बरोबर बोंबलाच्या वर चिकटवलेला. सगळ्या बिल्डिंगींना एकसारखे लावलेले.

चेअरमन फेरी मारत होते, हात वर करून म्हणाले, बघा काका, तुमचा मासा आता सगळीकडे.

"हा आमचा नाही."

"अहो, मासा तो मासा. हा जरा प्रसन्न आहे."

"हा काचेच्या पेटीतला. ह्याला कोण खातं? ह्याचा कचरा कुठून येणार?"

त्यांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, सोमवारी पेपरवाले फोटोला येतायत, तोपर्यंत हात लावू नका. नंतर तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं ना, माणूस वाईट नाही. फोटो होईपर्यंतच त्यांचं माशाशी काम होतं.

सोमवारी फोटो झाले. मंगळवारी मी तेलाची वाटी आणि गरम पाणी घेऊन खाली गेलो. डब्यासमोर उकिडवा बसलो, स्टिकरच्या कडेला तेल लावलं, नखाने उचकटत राहिलो. येणारे जाणारे थांबून बघून गेले. चित्रकलेच्या बाई शाळेला निघालेल्या, त्या वाकून म्हणाल्या, हळू काढा, खालचा रंग येईल. मी हळूच काढत होतो. तरी शेवटाला नारिंगी मासा एकदम निघाला आणि बोंबलाची अर्धी पाठ आणि शेपूट बरोबर घेऊन गेला.

मी मागे सरकून बघितलं. मुंडकं राहिलं होतं. आ वासलेलं, बारीक दातांसकट.

बाई हळहळल्या. रविवारी येऊन पुन्हा पुरा करते म्हणाल्या. मी नको बोललो. बोंबलाचं कचऱ्यात मुंडकंच जातं. चित्र आता जास्त बरोबर आहे.