हवालदाराचा वाटा

आमच्या घरात सात पिढ्यांत कधी मांस शिजलं नाही, पण मुलींना मी हृदय, फुप्फुस आणि यकृत शिकवलं ते मायाक्काच्या मेंढरांच्या जिवावर. सोलापुरात मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवायची आणि कुंभारीहून रोज एसटीनं जायची. फळ्यावर रंगीत खडूनं हृदय काढून कोणाला काय कळतं? हातात घेतलं, कापलं, आतले कप्पे बोटानं चाचपले, की पोरगी जन्मात विसरत नाही. म्हणून मायाक्काकडे मेंढरू कापलं गेलं की ती ॲल्युमिनियमच्या डब्यात मला हवं ते आणून द्यायची. डबा अंगणाबाहेरच्या बाभळीला टांगायचा, घरात आणायचा नाही, असा आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा, कायदा. "लेकीला मास्तरीण करायला गेले, ती खाटीक झाली," असं अव्वा कानडीत म्हणायची आणि मायाक्का मराठीत हसायची.

मायाक्का धनगराची. हाडापेरानं दणकट, आवाज असा की माळाच्या या टोकाहून त्या टोकाची मेंढी मान वळवेल. तिचा नवरा बिरप्पा बहात्तरच्या दुष्काळात गेला आणि निम्म्याहून जास्त मेंढरं त्याच्या मागोमाग गेली. उरलेल्या मेंढ्या, मुलगा ज्ञानू आणि एक कुत्र्याचं पिल्लू, एवढ्यावर तिनं कळप पुन्हा उभा केला. सुगी संपली की माझे वडील रुद्रप्पा तिची मेंढरं आमच्या रानात बसवायचे. लेंड्यांचं खत रानाला, बदल्यात ज्वारी मायाक्काला. रात्री वाघर, म्हणजे दोरीच्या जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं आत कोंडायची. वाघरीच्या बाहेर राखणीला हवालदार.

हवालदार म्हणजे तेच पिल्लू, आता वासराएवढं झालेलं. दुष्काळात त्याची आई मेली तेव्हा ज्ञानूनं त्याला मेंढीच्या दुधात चिंधी बुडवून पाजलं होतं. नाव मायाक्कानं ठेवलेलं. "दिवसभर झोपतोय आन् खायच्या टायमाला बराबर हजर हुतोय, मग दुसरं काय म्हनायचं?" असं ती विचारायची. पण आमच्या माळावर लांडगे होते आणि एका हिवाळ्यात तीन लांडग्यांना त्यानं एकट्यानं रोखलं होतं. त्यात त्याचा डावा कान निम्मा गेला. तेव्हापासून मायाक्का त्याची चेष्टा करायची ती फक्त तोंडानं. हातानं भाकरी आधी त्याला द्यायची.

मेंढरू कापलं की तिच्याकडे वाटे ठरलेले असत. मुंडी कोणाला, पाय कोणाला, सगळं पूर्वापार चालत आलेलं. यकृताला ती काळीज म्हणायची. एखाद्या म्हाताऱ्या मेंढीच्या काळजावर पांढुरके, पाण्यानं टम्म भरलेले फोड निघायचे, बोराएवढे, कधी लिंबाएवढे. असलं काळीज माणसानं खायचं नाही, पण म्हणून फेकूनही द्यायचं नाही. ते हवालदाराचं. उपासमार पाहिलेल्या बाईला अन्न मातीत घालणं जिवावर यायचं, आणि राखणदाराचा वाटा बुडवणं त्याहून जड. "त्यो जागतोय म्हनून आपन निजतोय की," ती म्हणायची. मला त्यात तिचं मन मोठं दिसायचं, आणि ते मोठं होतंच.

चौऱ्याहत्तर साली ज्ञानूचं लग्न झालं. सून आणली मोहोळकडची, फुलाबाई. तीही मेंढरांमागं वाढलेली, बोलायला कमी आणि कामाला वाघ. हवालदाराला ती एकटीच कुशीला घेऊन बसायची आणि त्याच्या कानावरचा जुना व्रण खाजवत राहायची. दोन वर्षांनी तिच्या पोटाला फुगवटा दिसायला लागला. गावातल्या बायका मायाक्काला पेढे मागायला लागल्या. मायाक्कानं सुनेच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. उभा जन्म गाभण मेंढ्या चाचपण्यात गेलेला तिचा. तशीच आमच्या दारात आली. मला म्हणाली, "चंद्रव्वा, हे वर हाय गं, उजव्या बरगडीखाली. लेकरू हितं नसतंय."

मी दोघींना सोलापूरला घेऊन गेले. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यातल्या सर्जननं हातानं तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं, यकृतावर पाण्याची मोठी गाठ आहे, काढावी लागेल. आत फुटली तर पोरगी हातची जाईल. मायाक्का एरवी कोणापुढं मान न वाकवणारी, पण त्या दिवशी तिनं डॉक्टरचे पाय धरले. मला ते बघवेना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात गेले, तर फुलाबाई दवाखान्यातल्या पावाचा तुकडा पदरात बांधत होती. "हवालदारासाठी," लाजून म्हणाली. "त्येनं पाव कदी बगितला न्हाय, अक्का."

गाठ निघाली आणि पोरगी वाचली. सर्जन बाहेर आले, दमलेले पण खुशीत, आणि त्यांच्यामागून नर्स एनॅमलचा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये एक फाटलेली पांढरी पिशवी आणि तिच्यातून निघालेले पांढरे बुडबुडे, सोललेल्या द्राक्षांसारखे. "हा आजार कुत्र्यापासून होतो," सर्जन म्हणाले. ज्ञानू भिंतीला टेकून उभा होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "कुत्र्यापासनं?" ते हो म्हणाले. ज्ञानूनं खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि तो जिना उतरून गेला. सकाळपासून त्याच्या पोटात चहाचा घोटही नव्हता, म्हणून आम्हाला वाटलं, गेला असेल खाली.

मायाक्का ट्रेवर वाकली आणि तशीच राहिली. "डाक्टर, हे तर आमच्या मेंढराच्या काळजातलं फोड हाय," ती म्हणाली. "आमी कुत्र्याला घालतो त्ये."

मग सर्जननं तिला बाकड्यावर बसवून सगळं सांगितलं. पुढं मी ते प्रत्येक वर्गाला सांगत आले, इथंही सांगते, पण शेवटपर्यंत ऐका. अर्धं ऐकून उठणाऱ्यांचा मला तेव्हापासून तिटकारा आहे.

कुत्र्याच्या आतड्यात एक जंत राहतो, तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नसतो. कुत्र्याला त्याची खबरही नसते. जंताची अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, कुत्र्याच्या केसांना, तोंडाला लागतात. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटात गेली की फुटतात आणि आतला सूक्ष्म जीव आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो. आता आतड्यातलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, ते आधी यकृतात जातं. गावात येणारा ट्रक आधी जकात नाक्यावर थांबतो, तसं. बहुतेक वेळा हा पाहुणा त्या नाक्यावरच अडकतो, स्वतःभोवती पाण्याची पिशवी करतो आणि सावकाश वाढत राहतो. पिशवीत वाळूच्या कणांएवढी पुढच्या जंतांची मुंडकी तयार होतात. असं काळीज कच्चं कुत्र्यानं खाल्लं की त्या मुंडक्यांचे जंत होतात, आणि फेरा पुन्हा सुरू. माणूस या फेऱ्यात नाहीच. कुत्र्याशी खेळलेला हात लेकरानं तोंडात घातला, की अंडं चुकून आपल्याकडे येतं. माणसाचं काळीज कोणी कुत्र्याला घालत नाही, त्यामुळं जंताचंही तिथं काही साधत नाही. त्याची वाट चुकते आणि माणसाच्या जिवावर बेतते.

मायाक्का ऐकत होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. "म्हंजी मीच घातलं," ती म्हणाली. "मी हवालदाराला घातलं, त्येनं माज्या सुनंला दिलं."

सर्जननं विचारलं, "सून तुमच्याकडे येऊन किती दिवस झाले?"

"दोन वर्सं."

"मग तुमच्या कुत्र्याचा संबंध नाही. एवढी गाठ दोन वर्षांत होत नाही, दहा-बारा वर्षं तरी लागतात. पोरगी लहान असताना, माहेरीच झालंय हे. आणि कुत्र्याला घालवायचं कारण नाही. फोडाचं काळीज त्याला खाऊ घालू नका, खोल पुरा किंवा जाळा. गुरांच्या दवाखान्यात कुत्र्याला जंताचं औषध मिळतं. हात धुवा. बस."

मायाक्काच्या तोंडावर जे हसू आलं ते माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे. "आयकलंस का रं ज्ञानू? हवालदारानं न्हाय दिलं!" म्हणत ती वळली, आणि तिथं ज्ञानू नव्हता. खाली चहाच्या गाड्यावरही नव्हता. खालच्या वॉर्डात फुलाबाईच्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची आई, केराबाई, म्हणाली, "तुमचा ल्योक मगाशी दारातनं बायकोच्या रिकाम्या खाटंकडं बगून गेला की. दात खात हुता. त्या कुत्र्याला ठेवत न्हाय म्हनला."

केराबाईनंच फुलाबाईजवळ बसायचं कबूल केलं आणि आम्हाला हाकललं. स्टँडवर पोचलो तर कुंभारीवरून जाणारी अक्कलकोटची गाडी डोळ्यांदेखत सुटली. मायाक्का रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं एक ट्रक अडवला. ड्रायव्हर शिव्या देत थांबला, तिचं तोंड बघून गप्प झाला. केबिनमध्ये बसून ती सारखी एकच बोलत होती, "न्हाय मारायचा गं. ह्येनंच दूद पाजलंय त्येला. मारतोय कसा?" मीही म्हणत होते, नाही मारणार.

रानात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मेंढरं माना खाली घालून चरत होती. ज्ञानू लिंबाखाली बसला होता, शेजारी कुऱ्हाड आणि फावडं. त्याच्या पायाशी माती ताजी उकरून दाबलेली. आम्हाला बघून तो उठला नाही.

"हाक मारली तसा आला, आये," तो म्हणाला. "शेपूट हालवत आला."

मायाक्कानं त्याला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ती मातीजवळ बसली आणि डॉक्टर काय म्हणाले ते एकेक करून सांगत राहिली. माहेरचा आजार, दहा-बारा वर्षं, पुरायचं काळीज, जंताचं औषध. ज्ञानू ऐकत होता. मध्येच त्यानं कानांवर हात ठेवले. मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं चोर तरी कुठं होता? फेऱ्याला तोंड नसतं. अर्धाच ऐकला की मात्र जो हाताशी सापडेल तो गुन्हेगार ठरतो.

"मग तिला कुटनं झालं?" ज्ञानूनं शेवटी विचारलं.

"तिच्या म्हायेरच्या कुत्र्यापासनं," मायाक्का म्हणाली. "आन् त्या कुत्र्याला बी कुनी तरी वाटा घातलाच असंल की. माज्यावानी कुनी तरी म्हातारीनं."

फुलाबाई महिन्याभरानं घरी आली. तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मायाक्काची जीभ रेटली नाही आणि माझीही नाही. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, बैलगाडी पाठवली होती. गाडीतून उतरता उतरता तिनं एका हातानं पोट धरलं आणि दुसऱ्या हातानं पदराची गाठ सोडली. दवाखान्यातून निघायच्या दिवशीचा पाव होता. "हवालदार!" तिनं बारीक आवाजात हाक मारली, मग थोडी मोठ्यानं. मेंढरं वळून बघायला लागली. ज्ञानू वाघरीआड जाऊन उभा राहिला. तिथून त्याच्या रडण्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं. तिनं पाव पुन्हा पदरात बांधला.

त्या हिवाळ्यात लांडग्यांनी चार कोकरं नेली. मग मायाक्कानं हत्तूरकडून एक पिल्लू आणलं, काळंभोर. त्याला नाव काही ठेवलं नाही, नुसतं "ए" म्हणायची.

दुसऱ्या वर्षी आमच्याच रानात एका मेंढीचा पाय मोडला आणि ती कापावी लागली. डबा घेऊन मीच गेले होते. मायाक्कानं काळीज बाहेर काढलं. कडेला तीन फोड होते, पाण्यानं भरलेले. पिल्लू समोर येऊन बसलं, जीभ बाहेर काढून. मायाक्काचा हात सवयीनं उचलला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

ज्ञानू कोणी न सांगता उठला. त्यानं फावडं घेतलं आणि खड्डा खणला, चांगला कमरेइतका, कुत्र्याच्या पंज्यानं कधी उकरला जाणार नाही असा. मायाक्कानं काळीज आत सोडलं. ज्ञानूनं माती लोटली, वर धोंडे रचले. पिल्लू धोंड्यांभोवती हुंगत फिरलं आणि तिच्या पायाशी येऊन कुं-कुं करायला लागलं.

"ह्यात तुजा वाटा न्हाय," ती त्याला म्हणाली. मग रक्तानं भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून खाली बसली आणि लिंबाकडे बघत म्हणाली, "एवडंच करायचं हुतं, ज्ञानू. हवालदारासाटी खनलास त्येच्या चौथाई खड्ड्यात भागलं असतं की रं."