टाकीला भोक पडलं तेव्हा चाचा मशिदीत होते

अन्याय आमच्या चाचांवर झाला. ईदच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सात वाजता, सौदीतल्या जुबैलच्या एका प्लान्टमध्ये, चाळीसेक माणसांच्या समोर. अन्याय करणारे माझे बाबा. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्यासाठी हळहळायला नको.

सकाळी सातला प्लान्टमध्ये टूलबॉक्स मीटिंग असते. कामाला हात लावण्याआधी सगळी गँग दहा मिनिटं उभी राहते आणि आज कशाने मरायचं नाही ते ऐकते. त्या रविवारी विषय होता ॲसिड. बोलायची पाळी बाबांची. लोकांना झोप येऊ नये म्हणून बाबा नेहमी एखादं ताजं उदाहरण देतात. त्या दिवशी त्यांनी दिलं ते असं: परवा माझ्या घरी या चाचांनी मोटरसायकलच्या टाकीत ॲसिड भरलं आणि विसरून गेले, टाकीच्या बुडाला भोक पडलं, घरी टाकी गेली, इथे माणूस जाईल. लोक हसले. चाचा तिसऱ्या रांगेत उभे होते.

मला हे कुणी चुगली करून सांगितलेलं नाही. रात्रीच्या जेवणाला बाबांनीच सांगितलं, मीटिंग छान रंगली म्हणून.

मी विचारलं, "बाबा, ॲसिड तुम्ही ओतलंत ना?"

"अगं, उदाहरण होतं ते," बाबा म्हणाले आणि आईकडे कोशिंबीर मागितली.

आता चाचा कोण ते सांगते. चाचा हर्णैचे. तरुणपणी बंदरात मचव्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. गेली कित्येक वर्षं इथे एका ठेकेदाराकडे आहेत. नवी पाइपलाइन सुरू होण्याआधी तिच्या आतून ॲसिड फिरवून गंज काढायचा, मग सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारायचं, मग लाइन कोरडी करायची, हे त्यांचं काम. पद्धत कागदावर लिहितात बाबांसारखे इंजिनिअर. लाइनवर कान ठेवून आत काय चाललंय ते ओळखतात चाचा. इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, मात्र अजून 'कामगार' एवढंच लिहिलेलं आहे. रास तनुराची रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, त्या मोठ्या शटडाउनसाठी ठेकेदाराला ॲसिडच्या कामाचा एक फोरमन पाठवायचा होता आणि त्याच्या सुपरवायझरने चाचांचं नाव धरलं होतं. इकाम्यावर फोरमन लागलं की बायकोला व्हिजिट व्हिसावर इथे आणता येईल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. चाची आजवर एकदाही इथे आलेल्या नाहीत. समुद्र इथलाही दाखवायचा आहे तिला, असं ते म्हणायचे, आपला आणि हा, दोन्ही बघून सांग म्हणावं कुठला बरा.

आणि त्याच सुपरवायझरने त्या रविवारी पहिल्या रांगेत उभं राहून बाबांचं उदाहरण ऐकलं. दुपारपर्यंत चाचांचं नाव कच्च्या यादीतून गेलं. ॲसिड विसरणारा माणूस ॲसिडचा फोरमन कसा होणार? सुपरवायझरची तरी काय चूक?

मोटरसायकल बाबांनी तश्लीहमधून आणली होती. तश्लीह म्हणजे गावाबाहेरचा भंगारवाड्यांचा पट्टा, मोडक्या गाड्यांचे डोंगर. जुनी जपानी गाडी, बाबांपेक्षा थोडीच लहान. इंजिन जाम, सीट उंदरांनी खाल्लेलं, पण टाकीवरचा लाल रंग अजून शाबूत. बाबा तो लाल रंग बघूनच भुलले. पेट्रोलचं झाकण उघडलं तेव्हा आतून ओल्या लोखंडाचा वास आला. बोट घातलं की गंजाचे पापुद्रे नखात यायचे. जुबैलची हवा अशी की उन्हाळ्यात दाराची कडीसुद्धा घामेजते. तिथे ही टाकी वर्षानुवर्षं उघडी पडलेली.

दर शुक्रवारी सकाळी चाचा मदतीला यायचे. कुणी नेमलेलं नव्हतं. बाबांनी एकदा विचारलं आणि ते आले, मग येतच राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी टाकी कडेवर मूल घ्यावं तशी घेतली, बुडावरून बोटं फिरवली आणि म्हणाले की हितं कुणीतरी जुनं भोक कथलानं झाळलंय, ह्याला जपायला लागेल. पेट्रोलचा नळ काढून तिथे रबरी बूच मारलं. आत मूठभर नट आणि सायकलच्या चेनचे तुकडे टाकले, सोड्याचं गरम पाणी ओतलं आणि आम्ही पाळीपाळीने टाकी हलवत बसलो. पाणी ओतलं की तांबडा चिखल यायचा. तीन शुक्रवार आम्ही एवढंच केलं. माझे दंड दुखायचे. चाचा म्हणायचे, मोर्चात घोषणा देतेस त्यापेक्षा हे सोपं आहे, इथे पोलीस येत नाहीत. मी पुण्याला कॉलेजात असताना हॉस्टेलच्या पाण्यासाठी पत्रकं काढली होती, तेवढ्यावरून ते मला चिडवायचे.

चौथ्या शुक्रवारी ॲसिडची पाळी होती. बाबांनी आदल्या दिवशी लॅपटॉपवर रीतसर पद्धत लिहून काढली होती: प्रमाण, तापमान, वेळ. वेळ दोन तास. प्लान्टच्या पाइपला दोन तास लागतात. पाइपची भिंत बोटाएवढी जाड असते, टाकीचा पत्रा पोस्टकार्डाएवढा, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातच आलं नाही. घरातली एक वस्तू दुरुस्त करायला प्लान्टचा अख्खा कागद लावणारी माणसं आमच्याच कॉलनीत सापडतील.

चाचांनी कागद वाचला नाही. पत्रा किती पातळ आहे ते टाकीच्या वजनावरूनच त्यांना कळलं होतं. सव्वाअकराला जुम्म्याच्या नमाजासाठी निघताना ते दारात थांबले आणि बाबांना म्हणाले, "साहेब, मी येईस्तोवर ॲसिड ओतू नका. ह्यो पाइप नाय, पत्रा हाय. पाच मिनटं, हातात धरून, फिरवत. ती झाळ पयली जाईल."

बाबा हो म्हणाले. मी शेजारी उभी होते.

त्या दिवशी आमच्याकडे पाडव्याचं जेवण होतं. पाडवा होऊन दहा दिवस झाले होते, पण इथे सगळे सण शुक्रवारी येतात. लबने, म्हणजे इथलं घट्ट दही, कापडात बांधून, रात्रभर टांगून आईने श्रीखंड केलं होतं. बाराला लोक येणार. बाबांना वाटलं, लोक यायच्या आत ॲसिड भरून टाकू, जेवण होईपर्यंत काम होईल, मग पाहुण्यांना चकचकीत टाकी दाखवू. साडेअकराला त्यांनी ॲसिड ओतलं. बाबांचे प्लान्टमधले मित्र, नाशिकचे काका, लवकर आले होते, त्यांनी नरसाळं धरलं. मला सांगितलं, लक्ष ठेव. मी पाच मिनिटं ठेवलं. मग आतून आईने हाक मारली की पुऱ्या लाटायला ये, आणि मी गेले. हे मी लपवत नाही. चाचांचा इशारा मी ऐकला होता आणि तरी गेले.

आम्ही अकरा जण जेवायला बसलो: घरचे तिघं आणि बाबांच्या प्लान्टमधले आठ जण, काका धरून. एसी जोरात, श्रीखंड दोनदा फिरलं, कुणीतरी विमानतळावरच्या सामानाची गोष्ट सुरू केली. एक वाजता चाचा परत आले ते मागच्या दाराने थेट गॅरेजमध्ये. तिथूनच त्यांनी मला हाक मारली, मोठ्याने नाही. टाकीच्या बुडाखाली लादीवर पिवळट थारोळं झालं होतं आणि लादी फसफसत होती. झाळ गेली होती. तिच्या भोवतीचा पत्राही गेला होता, रुपयाच्या नाण्याएवढा. चाचांनी आधी मला मागे ढकललं, मग पाइपाने पाणी मारलं, मग सोडा पसरला. आत जेवणाऱ्या कुणाला उठावं लागलं नाही. सगळं निवल्यावर बाबा हात पुसत आले, बघितलं आणि म्हणाले, च्यायला. तेवढंच.

चाचांनी पाइप गुंडाळून ठेवला. आईने त्यांना ताट वाढलं, ते त्यांनी गॅरेजमध्येच बसून खाल्लं, कपड्यांना ॲसिडचा वास येतोय म्हणून.

आणि रविवारी सात वाजता ते विसराळू झाले.

पुढच्या शुक्रवारी ते आले नाहीत. मी फोन केला. मला वाटलं होतं, फोरमनचं बोलतील. ते म्हणाले, "बेटी, टाकीचं काय नाय. पन त्या टायमाला मी वजू करून नमाजाच्या सफमधी हुबा होतो. अल्लासमोर हुबा होतो त्या टायमाची चूक माझ्या नावावर नको."

मी टाकी उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन कपाटात ठेवली. किल्ली खिशात. बाबा दुसरी टाकी बघायला तश्लीहमध्ये निघाले होते, त्यांना मी सांगितलं की चाचांचं नाव साफ होईपर्यंत या गाडीला कुठलीच टाकी लागणार नाही, नवी आणलीत तर तीही कपाटात जाईल.

"या देशात संप चालत नाही, माहितीये ना?" बाबा म्हणाले.

"देशात नसेल चालत. घरात चालतो."

आई हसली.

माझ्याकडे पत्रक काढायची सोय नव्हती आणि तसलं काही इथे करायचं नसतं एवढी अक्कल मलाही आहे. म्हणून मी बाबांचंच हत्यार घेतलं. प्लान्टमध्ये अपघात झाला की अहवाल लिहितात: घटना काय, वेळ काय, हजर कोण, मूळ कारण काय. मी तो लिहिला. साडेअकरा: ॲसिड ओतलं, कुणी, नरसाळं कुणी धरलं. अकरा पस्तीस: पहारा सोडला, मी. एक: गळती दिसली, चाचांना. सव्वाअकरा ते एक चाचा कुठे: मशिदीत. खाली अकरा जणांच्या सह्यांसाठी अकरा रेघा. पहिली सही माझी. दुसरी आईने केली, पोळपाटाशेजारी कागद ठेवून. ती म्हणाली, पहिली पुरी तळणीत पडली तेव्हा बारा वाजले होते आणि चाचांची चप्पल दारात नव्हती, हे मला पक्कं आठवतंय.

नाशिकच्या काकांनी कागद वाचला आणि मला कॉम्रेड म्हणाले. टाकीचं एवढं काय, मी आणून देतो दुसरी, म्हणाले. चाचा आपलाच माणूस, तो राग धरणार नाही, म्हणाले. मी म्हटलं, काका, आपल्याच माणसाला बरं चोर ठरवता येतं. त्यांनी चहा संपवला आणि सही न करता गेले. बाकीच्या सात जणांनीही सही केली नाही, घरचीच गोष्ट आहे, म्हणाले.

बाबांनी तीन दिवस कागदाकडे बघितलं नाही. शनिवारी संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर पडला होता, त्यांनी चष्मा लावला. इंजिनिअर माणूस, आकडा चुकलेला सहन होत नाही. मी ॲसिडचं प्रमाण कमी लिहिलं होतं. त्यांनी पेन काढून माझा आकडा खोडला आणि वर खरा लिहिला. खरा आकडा माझ्यापेक्षा मोठा होता. त्यांच्या स्वतःविरुद्ध होता.

मी म्हटलं, "बाबा, खाडाखोड केली की बाजूला सही लागते. तुमचाच नियम आहे."

मग त्यांनी खोडलेल्या आकड्याशेजारी सही केली, आणि कुणी न सांगता खालच्या तिसऱ्या रेघेवरही केली. म्हणाले, मला वाटलं होतं चाचा हसण्यावारी नेतील.

रविवारी बाबा बोलले. त्याच मीटिंगमध्ये, त्याच लोकांसमोर, की ॲसिड मी ओतलं, चाचा तिथे नव्हते, मी खोटं सांगितलं. एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते, कारण ते सोपं नव्हतं. आणि मग काय झालं? सुपरवायझर हसला. बाबांच्या पाठीवर हात ठेवून सगळ्यांना म्हणाला, "सर का दिल बहुत बड़ा है." म्हणजे साहेब गरीब माणसाला वाचवतायत. मोठ्या माणसाचं खोटं पहिल्या फटक्यात खरं मानलं गेलं आणि त्याच माणसाचं खरं दयाळूपणा म्हणून बाजूला ठेवलं गेलं. चाचांचं नाव यादीत परत आलं नाही. सुपरवायझर म्हणाला, आणखी कुणी पाहिलं असेल तर सांगा. यादी अजून पक्की व्हायची आहे.

आणखी कुणी पाहिलं? चाचा तिथे नाहीत हे आठ जणांनी पाहिलं. श्रीखंड खाता खाता पाहिलं.

तुम्ही आठ जण हे वाचणार, मला माहीत आहे. मराठी मंडळाच्या या वार्षिकाची प्रत आपल्या प्रत्येक घरात येते. घरचीच गोष्ट आहे असं मला पुन्हा सांगू नका. गोष्ट घरची होती तर ती प्लान्टच्या गेटाआत गेली कशी, आणि गेली तेव्हा तुम्ही हसलात का? कागद आमच्या घरी टेबलावर आहे, पेन शेजारी आहे, आठ रेघा रिकाम्या आहेत. या शुक्रवारी या, सही करा, आणि मग सुपरवायझरला स्वतः फोन लावून सांगा की चाचा तिथे नव्हते, आम्ही होतो.