ब्राउनी आणि तांब्याभर पाणी

ओव्हनमधून ब्राउनी काढली की मी आधी पाण्याचा तांब्या भरून शेजारी ठेवते. लेक हसते.

दुष्काळातल्या एका सुट्टीत मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून चौसाळ्याला घरी आले, ती वहीत ब्राउनीची कृती उतरवूनच. सहकारी डेअरीला घालायच्या दुधातलं थोडं थोडं आईने चार दिवस मागे ठेवलं, तेव्हा कुठे वाटीभर लोणी निघालं. कुकरची शिट्टी काढली, तळाशी वाळू पसरली आणि वर कोको कालवलेल्या पिठाचा डबा ठेवला. तासाभरात घरभर कडसर गोड वास सुटला.

आईने चिमूटभर तोंडात टाकली. "चांगली झाली. पर लई गोड हाय, खाल्लं की तहान लागती. टँकर परवा यायचाय."

मला तो बहाणा वाटला. कोकोची चव तिला आवडली नसणार. रागाने मी तिच्यासमोर तीन तुकडे खाल्ले आणि वर तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले.

तो तांब्या तिनेच भरून दिला होता. रांजणात वाकून, पार खांद्यापर्यंत हात घालून. तळाला तांब्या घासल्याचा आवाज मी तेव्हाही ऐकला होता.