चमचा सुटेपर्यंत

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रसायनीच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तरी घड्याळाला बांधलेलेच राहिले. घरी पाळलेल्या कॉकाटील पोपटांची पिल्लं ते वेळच्या वेळी चमच्याने भरवतात. पिल्लांसाठी मिळणारं तयार पीठ कोमट पाण्यात कालवलं की आधी त्यात थर्मामीटर बुडवतात, मग पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी बोटाने चाचपतात. आधीचं जिरलं नसेल, तर पिल्लू कितीही ओरडलं तरी चमचा परत शर्टाच्या खिशात.

लेकीच्या वाढदिवसाला मी एक पिल्लू मागितलं.

"नाय गं. अजून चमच्यावर हाय ते."

"मी भरवीन की! वाढदिवस आज आहे, काका."

"त्याला काय ठावं?"

मी तणतणत जिना चढले.

तीन आठवड्यांनी त्यांनीच बोलावलं. पिल्लू पिंजऱ्यात राळ्याचे दाणे सोलून खात होतं. काकांना बघताच ते दाणे टाकून जाळीशी आलं आणि चोच वासून ओरडायला लागलं. काकांचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला. ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ओरडणं थांबलं. दाणे फुटल्याचा बारीक आवाज पुन्हा सुरू झाला.

"आता ने," काका भिंतीकडे बघतच म्हणाले.