मुख्य खात्याचा पासवर्ड

बोईसरच्या आमच्या कारखान्यात जुनं युनिक्स मशीन होतं, सगळ्यांचा मिळून एकच कॉम्प्युटर, आणि त्यावर सुपरवायझर काकांचा एक नियम होता: आधी आपापल्या नावानं लॉगिन करायचं, मग मुख्य खात्यात शिरायचं. मुख्य खातं म्हणजे सगळ्या किल्ल्या हातात. "काय बिघडलं तर कोण आत आला व्हता ते कळाया नको?" ते म्हणायचे. मी सगळं त्यांच्याकडूनच शिकले.

काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी शाल-श्रीफळ झालं आणि मालकांनी मला बाजूला घेतलं. "मुख्य खात्याचा पासवर्ड आजच बदल." मला ते मुळीच आवडलं नाही. माणूस अजून गेटबाहेरही पडला नव्हता! पण नोकरी मलाही हवी होती. नियमाप्रमाणे माझ्या नावानं आत गेले, मुख्य खात्यात शिरले आणि नवा पासवर्ड दिला. मशीननं निमूट घेतला. मीही निमूट घरी गेले.

सकाळी माझंच खातं उघडेना. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या खात्यातून शिरून पाहिलं, तर नव्या पासवर्डनं मुख्य खातंही उघडेना. मालकांचा पारा चढला. "जाता जाता म्हाताऱ्यानं हिसका दाखवला!" त्यांनी काकांना फोन लावायला घेतला. कधी कुणाचा खिळासुद्धा घरी न नेणाऱ्या माणसावर निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी आळ येत होता.

तेवढ्यात त्यांचा नियम आठवला. माझ्या खात्याला नवा पासवर्ड टाकला, उघडलं. मुख्य खात्याला जुना टाकला; तेही उघडलं. मुख्य खात्यात शिरले तरी मशीनच्या लेखी मी दारातून ज्या नावानं आले तीच होते. कुणाचा बदलायचा ते मी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं माझाच बदलला होता.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. मालकांनी फोन खाली ठेवला. "मग आता तरी बदल." या वेळी मी नाव लिहून बदलला.

दुपारी राहवेना म्हणून काकांना बेटेगावला त्यांच्या घरी फोन केला आणि हसत हसत सगळा घोळ सांगितला. ते हसले नाहीत.

"रात्री सवयीनं घरच्या कॉम्प्युटरवरून मुख्य खातं उघडून बगितलं," ते म्हणाले. "जुनाच चालत व्हता. लगेच बंद केलं मी. मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलास माझ्यासाठी."

मी मशीनच्या पडद्याकडे पाहिलं.

"आता बदललास ना?"

"हो, काका."

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले, आणि वाडीत पाणी लावायचं हाय म्हणून त्यांनी फोन ठेवला.