विरजण मागणाऱ्या आत्या

बायकोच्या आत्यांइतकं बिनदिक्कत मागणारं माणूस अख्ख्या मुलुंडात सापडायचं नाही. भाजीवाल्याकडे फुकटची कोथिंबीर सगळेच मागतात; आत्या वर एक मिरची मागून घेत आणि तिखट आहे का ते त्यालाच चावून सांगायला लावत. शेअर रिक्षात शेजारच्या अनोळखी बाईकडे त्या पाणी मागत, डॉक्टरांकडे भिंतीवरचं कॅलेंडर मागत. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे देवाकडे पाहावं तशी पाहत उभी असतात, तिथे आत्या खुशाल “आज जेवायला काय केलंत?” असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत पायाने दार अडवून धरत.

त्या कांजूरमार्गहून महिनाभर आमच्याकडे आल्या त्या आमच्या मुलीला शाळेसाठी तयार करायला. तिला रंग, आकडे, एबीसीडी, सगळं येत होतं. फक्त घराबाहेर ती तोंड उघडत नव्हती. प्लेग्रुपमध्ये शू लागली तरी बाईंना सांगायची नाही. ओल्या चड्डीत गप्प बसून राहायची. आणि जूनमध्ये मोठी शाळा. “तुझ्यावर गेलीय,” बायको चेष्टेने म्हणायची. मला ते लागायचं, कारण खरं होतं. वाणसामान मी ॲपवरून मागवतो ते वेळ वाचवायला नव्हे, वाण्याशी बोलावं लागू नये म्हणून. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

आत्यांनी चित्रांची पुस्तकं कपाटावर टाकली आणि मुलीच्या हातात वाटी दिली. रोज संध्याकाळी एका घराची बेल वाजवून विरजण मागायचं, हा त्यांचा अभ्यासक्रम. परक्याच्या दारात उभं राहून चमचाभर दही मागता आलं की बाईंना शू सांगणं काय कठीण, असं त्यांचं म्हणणं. आमच्या इमारतीत माणसं राहतात हे मला तेव्हाच कळलं. अर्थात मागायच्या आत्याच. मुलगी पदराआडून बघे. घरात दही इतकं साठलं की आम्ही जवळजवळ कढीवरच जगत होतो.

एका संध्याकाळी आत्यांचा गुडघा धरला आणि त्यांनी मुलीबरोबर मला पाठवलं. खालच्या मजल्यावर बेल वाजवली. बनियनमधल्या एका गृहस्थांनी दार उघडलं, “बोला” म्हणाले, आणि मी म्हणालो, “सॉरी, चुकून वाजली.”

मुलगी माझ्याकडे बघत होती. जिन्यात तिने वाटी माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आत्यांबरोबरही जाईना. आत्यांना मी, घरात कुणी नव्हतं, असं सांगून टाकलं होतं. मुलीने चुगली केली नाही. शेवटी मलाच राहवेना, तेव्हा मी खरं काय ते आत्यांना सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. “जावईबापू, देवान तोंड काय फकत जेवूक दिल्यान?” एवढंच त्यांनी मालवणीत विचारलं आणि मलाही वर्गात घेतलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरही ईमेल पाठवणारा मी, वाटी घेऊन पुन्हा त्याच दारात. आत्या जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. मुलीला त्यांनी सांगितलं होतं, बाबा शिकतोय, तू फक्त लक्ष ठेव.

दार उघडलं. मी वाटी पुढे केली.

“परत चुकून?” गृहस्थांनी विचारलं.

माझ्या कमरेजवळून आवाज आला, “बाबांना विरजण हवंय.”

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं, ही स्वतःची शू तर सांगतेच, शेजारच्या रडक्या मुलाचीही सांगते.

काम झालं, म्हणून आत्या निघाल्या. मी त्यांची पिशवी रिक्षात ठेवली. मला म्हणायचं होतं, आत्या, राहा अजून थोडे दिवस. तुम्ही आल्यापासून घरात माणसांचा आवाज होता. मी म्हणालो, “सावकाश जा.”

मुलगी मात्र रिक्षाचा दांडा धरून उभी राहिली. “आत्याआजी, पुन्हा कधी येणार? नक्की सांग.”

उत्तर ऐकायला मीही जवळ सरकलो.