लिमयेसाहेबांचा शुक्रवार

लिमयेसाहेब मीटिंगमध्ये डोळे मिटून बसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणूस चक्क झोपलाय. मी घसा खाकरला, तर डोळे न उघडताच म्हणाले, "बोल, बोल. कान चालू आहेत. बघण्यासारखं काही आलं की डोळे उघडतो." काटकसरीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सिग्नलला गाडी थांबली की ते इंजिन बंद करत आणि बहरीनच्या उन्हात एसीविना आम्ही घामाघूम होऊन बसत असू.

आमच्या कामाला मात्र हा स्वभाव अगदी साजेसा होता. नव्वदच्या दशकात जिदहफ्सकडच्या बागांतल्या विहिरी खाऱ्या होत चालल्या होत्या. त्या विहिरींत आम्ही बॅटरीवरची यंत्रं सोडली होती. पाण्यातलं मीठ मोजून ती रेडिओवरून आमच्या अदलियातल्या ऑफिसला आकडा कळवत. आकडा चढला की त्या बागेचा पंप थांबवायचा, म्हणजे विहीर वाचे. आकडा पाठवण्यातच बॅटरी संपे आणि मॅनेजरना तर एका बॅटरीत वर्ष काढायचं होतं. लिमयेसाहेब म्हणाले, "शेजारशेजारच्या विहिरींचं पाणी सारखंच. मग सगळ्यांनी एकदम जागायचं कशाला? शिफ्ट लावा." एक यंत्र जागं, शेजारचं झोपलेलं, मग पाळी बदलायची. बॅटऱ्या इतक्या टिकल्या की मॅनेजरनी सगळ्यांना बिर्याणी खिलवली. साहेबांनी त्यातली निम्मी रात्रीसाठी बांधून घेतली.

त्याच हुरुपात त्यांनी शुक्रवारी सगळीच यंत्रं झोपवायचं ठरवलं. ऑफिस बंद, आकडे बघणार कोण? आम्हालाही ते पटलं. शुक्रवारची वाट बघत आठवडा काढणारी माणसं आम्ही, आम्हाला दुसरं काय सुचणार!

जिदहफ्सचे हाजी या कामातले आमचे सगळ्यात जुने बागवाले. खजुराची बाग त्यांच्या वडिलांनी लावलेली. तरुणपणी मुंबईच्या फेऱ्या करून ते हिंदी शिकले होते आणि साहेबांचं हिंदी पुण्याचं, त्यामुळे दोघांचं संभाषण ऐकण्यासारखं असे. हाजींनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "मॅनेजर के बोलने से पंप बंद नहीं करेगा. तुम्हारा मशीन बोलेगा, तो उसी दिन बंद."

यंत्र काही बोललं नाही. पुढच्या हंगामात झावळ्यांची टोकं करपू लागली, तरी ऑफिसातले आकडे ठणठणीत. हाजींचा फोन आला, तेव्हा साहेब मीठ मोजायचा छोटा मीटर घेऊन शुक्रवारीच निघाले. मीही बरोबर होतो. आसपासच्या बागा सुट्टीच्या माणसांनी भरलेल्या, पोहण्याचे हौद भरले जात होते आणि एकूण एक पंप धडधडत होता. एवढा उपसा झाला की खालचं खारं पाणी वर चढे. शनिवारी पंप थांबत, खारं पाणी खाली बसे आणि मग आमची यंत्रं जागी होत. साहेबांनी मीटर पाहिला, पुसून पुन्हा पाण्यात धरला आणि पुन्हा पाहिला.

"जुम्मे को तुम्हारा मशीन किधर था, सदीक?" हाजींनी विचारलं. साहेबांना ते सदीक, म्हणजे दोस्त, म्हणत.

"सो रहा था, हाजी. मैंने सुलाया था."

हाजींनी दिल्या शब्दाप्रमाणे त्याच दिवशी पंप बंद केला. साहेबांनी शुक्रवारची झोप रद्द केली. बॅटऱ्या लवकर उतरू लागल्या, तशी मॅनेजरनी कुरकुर केली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेले साहेब ओरडले, "बॅटरी बाजारात मिळते हो!" पण उशीर झाला होता. शेजाऱ्यांचे पंप चालूच राहिले आणि हाजींच्या विहिरीला गोडं पाणी परत आलं नाही. एकेक करत झाडं तोडावी लागली. इतका विचारी माणूस एवढ्याशा गोष्टीत फसला, याची हळहळ मला आजही वाटते. शुक्रवारी बागेत काय चालतं, हे एकदा विचारलं असतं तरी पुरलं असतं.

कंत्राट संपलं आणि साहेब कायमचे पुण्याला निघाले. त्या दिवसापासून तोपर्यंत त्यांचा एकही शुक्रवार जिदहफ्सशिवाय गेला नाही. शेवटच्या शुक्रवारी मीच त्यांना घेऊन गेलो. पंप काढून नेलेला, विहिरीवर फळ्या टाकलेल्या. हाजी कहवा ओतता ओतता म्हणाले, "पानी खलास. मीटर भी तू नहीं लाता. फिर हर जुम्मे को क्यों आता है, सदीक?"

साहेबांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला.

"तब नहीं आया था ना, हाजी."